दोन गावांचे उत्पन्न

जबलपूरला येणारा पाहुणा भेडाघाट पाहिल्यावाचून सहसा परत जात नाही. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरचे संगमरवरी कडे, धुवाँधारचा प्रपात आणि टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे मंदिर एवढे पाहिले की त्याचे समाधान होते. या भेडाघाटाच्या एका शिलालेखात मात्र अशी एक नोंद आहे, की जी पाहुण्याला सहसा कोणी सांगत नाही. कलचुरी संवत ९०७ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५५ च्या सुमारास, राजा गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने येथे शिवाचे मंदिर बांधविले. त्या वेळी तिचा मुलगा नरसिंह राज्यावर होता. मंदिराच्या जोडीला तिने एक मठ, उद्याने आणि एक व्याख्यानशाळा उभारली आणि या सर्वांच्या निर्वाहासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले.

राणीचे नाव त्या लेखात आहे, गावांची नावे आहेत. त्या गावांत ज्यांनी नांगर धरला त्यांची नावे मात्र नाहीत. व्याख्यानशाळेत बसून कोणी काव्य वाचावे, कोणी शास्त्रार्थ करावा आणि त्याचा खर्च दोन गावांच्या शेतकऱ्यांनी उचलावा, अशी ती व्यवस्था होती. वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या शिक्षणाचा उपयोग काय आणि त्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न आज नव्याने उपस्थित झाला आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जबलपूरच्या वेशीवर तो साडेआठशे वर्षांपूर्वीच दगडावर कोरला गेला आहे.

आज हा प्रश्न कोणत्या रूपाने पुढे येतो, हे पाहावयाचे असेल तर जबलपूरच्या एखाद्या मराठी घरात बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांत डोकवावे. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले असतात. वडील कुठल्याशा कचेरीत असतात. थोरला मुलगा अभियांत्रिकीला असतो आणि त्याच्यासाठी बँकेचे कर्ज काढलेले असते. धाकटीला चांगले गुण मिळालेले असतात आणि ती म्हणते, की तिला इतिहास घेऊन बी. ए. करावयाचे आहे. घरात क्षणभर कोणी बोलत नाही. मग वडील समजुतीच्या स्वरात म्हणतात, “बेटा, इतिहासाची पदवी घेऊन पुढे करणार काय?” मुलाच्या कर्जाला त्या घरात गुंतवणूक म्हणतात. मुलीच्या शिक्षणाला, ते कितीतरी स्वस्त असूनही, खर्च म्हणतात.

वडिलांच्या या प्रश्नाला हसून चालणार नाही. जबलपूर हे हाताला काम देणाऱ्या विद्यांचे शहर आहे. गन कॅरेज फॅक्टरीचे भोंगे येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून वाजत आले. १९४७ मध्ये येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ. या प्रत्येक संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलापुढे एक वाट स्पष्ट दिसते. कला शाखेच्या पदवीधरापुढे तशी वाट नसते. असतात त्या स्पर्धापरीक्षा, शिक्षकाच्या नोकरीची प्रतीक्षा आणि नातेवाइकांचे प्रश्न. आणि हा काही मूठभरांचा प्रपंच नव्हे. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीच्या २०२१–२२ च्या आकड्यांप्रमाणे पदवीच्या वर्गांतील सुमारे ३४ टक्के विद्यार्थी कला शाखेचे आहेत. ज्या शाखेत देशातील सर्वांत अधिक मुले आहेत, तीच शाखा निरुपयोगी ठरत असेल तर ती चिंतेची गोष्ट आहे. आणि ती निरुपयोगी नसूनही तशी समजली जात असेल तर ती अधिक चिंतेची आहे.

उपयोग कोणाला म्हणावा, याचे उत्तर भेडाघाटाच्या त्या शिलालेखातच शोधता येईल. शतकानुशतके तो दगड मुका होता. संस्कृत जाणणाऱ्या, जुनी लिपी वाचणाऱ्या आणि संवतांचे गणित सोडविणाऱ्या विद्वानांनी त्याला बोलते केले. कोकणात १८९३ मध्ये जन्मलेले वासुदेव विष्णु मिराशी हे संस्कृतचे एम. ए. होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृत शिकवीत. कलचुरी-चेदी संवताचे लेख एकत्र करून, तपासून त्यांनी सिद्ध केलेला बृहद्ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जबलपूरजवळचे आजचे तेवर हे खेडे म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. त्या राजधानीचा इतिहास आज ज्या आधारावर लिहिला जातो, त्याचा मोठा भाग त्या ग्रंथात आहे. या परिश्रमांनी मिराशींच्या पदरात किती द्रव्य पडले असेल? त्यांच्या विद्येचा लाभ ज्यांना झाला त्यांत या प्रांतातील शाळकरी मूल आहे, भेडाघाटाचा वाटाड्या आहे आणि आपल्या गावाचे जुने नाव प्रथमच ऐकणारा तेवरचा शेतकरीही आहे. यांपैकी कोणीही त्यांच्या शिक्षणाची फी भरली नव्हती.

कला शाखेच्या विद्येचा हा स्वभावच आहे. तिचे फळ शिकणाऱ्याच्या हाती थोडे लागते आणि इतरांच्या अंगणात अधिक पडते. १९५६ पासून जबलपूर हे मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचे शहर आहे. तेथे रोज जो वाद चालतो तो पुष्कळदा एखाद्या शब्दाच्या अर्थाचा असतो. कचेरीत एखाद्या विधवेचा अर्ज येतो. तो वेड्यावाकड्या भाषेत लिहिलेला असतो आणि तिचे खरे गाऱ्हाणे चौथ्या ओळीत कुठेतरी दडलेले असते. ते ओळखणारा अधिकारी आणि न ओळखणारा अधिकारी यांचा पगार सारखाच असतो. परंतु त्या विधवेच्या दृष्टीने दोघांत केवढे अंतर आहे! दुसऱ्याचे म्हणणे नीट वाचणे, त्यातले खरेखोटे पारखणे आणि आपले म्हणणे स्वच्छ मांडणे या गोष्टी इतिहास, वाङ्मय आणि तर्कशास्त्र शिकवतात. मात्र त्या खरोखर शिकविल्या गेल्या पाहिजेत. वर्षभर वर्गाचे तोंड न पाहता परीक्षेच्या आदल्या महिन्यात मार्गदर्शिका पाठ करून मिळविलेली पदवी फुकट मिळाली तरी महागच पडते; कारण तीत तरुण वयाची तीन वर्षे गेलेली असतात. वडिलांचा आक्षेप या पदवीवर असेल, तर तो सर्वस्वी मान्य केला पाहिजे.

आता भार कोणी वाहावा, हा दुसरा प्रश्न. जबलपूरच्या उच्च शिक्षणाचा इतिहास पाहिला तर हा भार आळीपाळीने अनेकांनी वाहिला असल्याचे दिसते. येथील रॉबर्टसन कॉलेजचे मूळ १८३६ मध्ये सागरला निघालेल्या संस्थेत आहे. १८७३ मध्ये ती जबलपूरला आली. आजची शासकीय विज्ञान आणि महाकोशल कला व वाणिज्य ही महाविद्यालये तिच्याच शाखा होत. ते कॉलेज सरकारी तिजोरीवर चाले, आणि त्या काळी तिजोरीचा मोठा आधार जमीनमहसूल हाच होता. म्हणजे राणी अल्हणदेवीच्या दोन गावांची जागा साऱ्या मध्यप्रांताच्या गावांनी घेतली होती, एवढाच काय तो फरक.

या व्यवस्थेतील अन्यायावर महाराष्ट्रातच सर्वांत स्पष्टपणे बोट ठेवले गेले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवून दिले, की सरकारचे उत्पन्न रयतेच्या कष्टांतून येते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. प्राथमिक शिक्षण हे रयतेचे पहिले देणे आहे, असा त्यांचा आग्रह होता. परंतु त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले, की उच्च शिक्षणाला मिळणारे सरकारी साहाय्य त्या वेळी काढून घ्यावे, असे देशाचा कोणीही हितचिंतक म्हणणार नाही. या दुसऱ्या विधानाची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. गावे पैसे देतात म्हणून व्याख्यानशाळा बंद करा, असे जोतीरावांचे म्हणणे नव्हते. ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले त्यांच्या शिक्षणाचीही तितकीच काळजी वाहा, असे होते.

सरकारखेरीज इतरांनीही हा भार उचलला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघेपर्यंत मध्यप्रांताची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाच्या कक्षेत होती. पुढे १९४६ मध्ये डॉ. हरिसिंह गौर यांनी वकिलीच्या कमाईतून २० लाख रुपये देऊन सागर येथे विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५६ मध्ये स्वतःचे विद्यापीठ होईपर्यंत जबलपूर त्याच्याच छत्राखाली होते. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले; तेथे ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थ्यांनी आपल्या श्रमांनी शिक्षणाचे मोल दिले. आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट तिला होती. परंतु बडोद्यात अस्पृश्यतेचा जो जाच झाला, त्यामुळे ती नोकरी फार काळ होऊ शकली नाही. संस्थानच्या जमाखर्चात ती रक्कम बुडीत दिसली असेल. देशाच्या जमाखर्चात तिचे काय झाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पैसा एकाने द्यावा आणि फळ सर्वांना मिळावे, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

ही उदारता वंदनीय खरी. पण गौर आणि सयाजीराव दर पिढीला, दर शहरात जन्मास येत नाहीत. म्हणून मग असे सुचविले जाते, की ज्याला शिकावयाचे त्यानेच पैसे द्यावेत. इंग्लंडने २०१२ पासून वार्षिक फीची मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत वाढविली आणि कला शाखांच्या अध्यापनाचे सरकारी अनुदान जवळजवळ बंद केले. विद्यार्थी कर्ज घेतो आणि कमाई ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर ते फेडतो. ठराविक मुदतीनंतर उरलेले कर्ज माफ होते, म्हणजे अखेर ते सरकारवरच पडते. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून परिचर्या आणि शिक्षकी पेशाच्या अभ्यासक्रमांची फी उतरवून इतिहास-तत्त्वज्ञानाची दुपटीहून अधिक केली. याउलट जर्मनीतील काही राज्यांनी फी लावून पाहिली आणि २०१४ पर्यंत ती सर्वांनी काढून टाकली. सधन देशांतही या बाबतीत एकमत नाही.

आपल्याकडे कल कोठे आहे? महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी संपूर्ण माफ केली. निर्णय स्तुत्य आहे. परंतु त्यातील ‘व्यावसायिक’ हा शब्द बोलका आहे. व्यावसायिक शिक्षणात कमाईची आशा असते, म्हणून बँकही कर्ज देते आणि सरकारही हात देते. कला शाखेला कमाईची हमी नाही, म्हणून बँक मागे राहते. तेथे सरकारही मागे राहिले, तर इतिहास आणि काव्य हे ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांचेच विषय होतील. गावाचा इतिहास मग गावाचे कोणी लिहिणार नाही.

तेव्हा न्याय्य मार्ग असा दिसतो. ज्या विद्येचे फळ सर्वांना मिळते तिचा मुख्य भार सर्वांनी, म्हणजे सार्वजनिक तिजोरीने, उचलावा. तोही काही असह्य नाही; प्रयोगशाळा आणि यंत्रे यांच्या मानाने कला शाखेला शिक्षक, ग्रंथ आणि एक वर्ग एवढेच लागते. घरच्यांनी ऐपतीप्रमाणे माफक फी द्यावी, आणि ज्याला ऐपत नाही त्याला राहण्याजेवण्यासकट शिष्यवृत्ती असावी. कारण गरिबाच्या मुलाला फीपेक्षा शहरातले भाडे अधिक अडवते. पुढे जो भरपूर कमावील तो करांच्या रूपाने परतफेड करीतच असतो. परंतु तिजोरीतून पैसा घेणाऱ्या महाविद्यालयावरही बंधन असले पाहिजे. शिक्षकाच्या जागा रिकाम्या ठेवून, ग्रंथालयाला कुलूप लावून वाटलेल्या पदव्यांसाठी कोणत्याही शेतकऱ्याकडून एक पैसाही घेण्याचा अधिकार कोणाला नाही. पैसे देणाऱ्या गावांना दोन गोष्टी मागण्याचा हक्क आहे: आपली मुले त्या वर्गात बसलेली दिसावीत आणि त्या वर्गात खरोखर शिकविले जावे.

जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ मध्ये राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले. त्या विद्यापीठाच्या वर्गात ती धाकटी मुलगी जाऊन बसेल की नाही, हे तिच्या घरात ठरेल. वडिलांनी तिला इतकेच विचारावे, की ती मन लावून शिकणार आहे ना. आणि महाविद्यालयाला विचारावे, की तेथे शिकविले जाते ना. दोन्ही उत्तरे होकारार्थी आली तर तिला अडवू नये. आणि पदवी हाती आल्यावर तिनेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या शिक्षणाचा बराचसा खर्च कोणीतरी अनोळखी माणसांनी केला आहे. अल्हणदेवीच्या लेखात दोन गावांची नावे तरी होती. आजच्या कोणत्याही पदवीपत्रावर तीही नसतात. ती ज्याची त्याने मनात लिहून घ्यावयाची असतात.