गाडीच्या पोटाखालचें चाक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. छत्तीस वर्षें मुलांस व्याकरण व गणित शिकविणाऱ्या माणसानें मोटारीच्या चाकाविषयीं बोलावें, हें कांहींसें विपरीतच आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. मोटार हांकण्याचें तर मला मुळींच ठाऊक नाहीं. परंतु उतारवयांत एका चाकानें मला जो धडा दिला, तो मीं कोणत्याहि वर्गांत कधीं दिला नव्हता. म्हणून तो आपणांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

गाडीबरोबर असणाऱ्या जादा चाकास आपण ‘स्टेपनी’ म्हणतों. हा शब्द मूळचा कोठला, हें शोधण्याची खोड शिक्षकास असावयाचीच. पहिल्या काळांतील मोटारींस जादा चाक नसे. रस्त्यांत टायर फुटला कीं तेथेंच तो उतरवावा, ट्यूबला ठिगळ लावावें, हवा भरावी आणि मग पुढें जावें, असा प्रकार होता. वेल्समधील लानेली या गांवीं डेव्हिस नांवाच्या दोघां भावांनीं १९०४ सालीं यावर तोड काढली. आरे नसलेली एक नुसती धांव व तीवर हवा भरलेला टायर. फुटलेल्या चाकाच्या अंगास ती आंकड्यांनीं आवळून बसवावयाची आणि घर गांठावयाचें. त्यांचा व्यवसाय स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर चाले, म्हणून त्या चाकाचें नांव स्टेपनी पडलें. ती धांव केव्हांच नामशेष झाली. तिचें नांव मात्र आपल्याकडील ट्रकवाल्यांच्या व पंक्चरवाल्यांच्या तोंडीं अजून नांदत आहे.

लहान मोटारींत हें चाक बहुधा डिकींत असतें. परंतु माणसें व सामान पुष्कळ नेणाऱ्या अनेक व्हॅनमध्यें आंतील जागा अडूं नये म्हणून तें गाडीच्या मागील भागाखालीं आडवें टांगलेलें असतें. योजना हुशारीची आहे. वर एक लहानसा रहाट असतो. त्यास गुंडाळलेला तारेचा दोर किंवा सांखळी चाकाच्या मधल्या भोंकांतून खालीं येते आणि तिच्या टोंकाची लोखंडी पट्टी चाकास खालून पेलून धरते. रहाटाचें तोंड मागील बंपरापाशीं अथवा आंतील गालिच्याखालीं एका लहान भोंकांतून सांपडतें. त्यांत लांब दांडा घालून तो बहुतेक गाड्यांत डावीकडे फिरवावयाचा, म्हणजे विहिरींत घागर उतरावी तसें चाक खालीं उतरतें. दोर सैल पडला कीं पट्टी तिरपी करून भोंकांतून ओवून काढावी. चाक मोकळें झालें. सांगावयास हें किती सोपें! परंतु ज्या रात्रीं गरज पडली, त्या रात्रीं यांतील एकहि गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.

सन २०१९ च्या श्रावणांत माझे वडील बंधु पुण्यास रुग्णालयांत अत्यवस्थ असल्याची वार्ता सायंकाळीं साताऱ्यास आली. भाच्याच्या व्हॅनमधून तो, त्याची पत्नी व मी असे आठाच्या सुमारास निघालों. पाचवड मागें पडलें आणि भुईंज यावयाच्या आधींच मागचें डावें चाक बसलें. पाऊस लागला होता. भाचा म्हणाला, “मामा, काळजी करूं नका. स्टेपनी आहे. वीस मिनिटांत निघूं.”

गाडी घेऊन पांच वर्षें झालीं होतीं, आणि पांच वर्षांत तें चाक एकदांहि खालीं उतरविलें नव्हतें. प्रथम दांडा सांपडेना. तो आसनाखालीं आहे, हें कळावयास वळकट्या व पिशव्या भर पावसांत बाहेर काढाव्या लागल्या. दांडा सांपडला तर भोंक सांपडेना. भोंक सांपडलें तर रहाट हलेना. पांच पावसाळ्यांचा चिखल व गंज त्यावर चढला होता. त्यांतच चाक बसल्यामुळें गाडीचा मागील भाग इतका खालीं आला होता, कीं स्टेपनी सुटली असती तरी बंपराखालून ओढून काढणें कठीणच होतें. भाच्यानें जॅक लावून गाडी उचलली आणि हातांत पान्हा घेऊन तो उताणा खालीं शिरला. मी विजेरी धरून उभा होतों.

इतक्यांत एक ट्रक मागें येऊन थांबला. त्याचा वयस्क चालक खालीं उतरला आणि कांहींएक न विचारतां त्यानें भाच्याचे पाय धरून त्यास बाहेर ओढलें. “गुरुजी, जॅकवरच्या गाडीखालीं माणूस घालतात का?” तो माझ्यावर रागावला. मी गुरुजी हें त्यानें कसें ओळखलें, कोण जाणे. बहुधा टोपीवरून ओळखलें असावें. पांच मिनिटें झालीं नसतील, तों ओल्या मातींत जॅक कलंडला आणि गाडी धाडकन् खालीं बसली. बराच वेळ आम्ही कोणीच बोललों नाहीं.

त्यानें चाकांस दगड लावले, जॅकखालीं जाड फळी घातली, रहाटाच्या तोंडांत तेल सोडलें आणि थांबावयास सांगितलें. मग एकदम जोर न करतां तो दांडा थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे असा हलवीत राहिला. शेवटीं गंज करकरला आणि चाक हळूहळू खालीं आलें. आलें तेंहि हवेवांचून मऊ पडलेलें! आपल्या ट्रकच्या हवेच्या टांकीस नळी लावून त्यानें तें भरून दिलें. पैसे घेतले नाहींत. “घरीं गेल्यावर तें चाक एकदां उतरवून पाहा,” इतकेंच म्हणाला.

या सर्वांत अडीच तास गेले. रुग्णालयांत पोहोंचलों तेव्हां मध्यरात्र उलटली होती. भाऊ होते; शुद्ध नव्हती. अकरापर्यंत ते बोलत होते आणि ‘बापू आला का?’ असें त्यांनीं दोनदां विचारलें, असें वहिनींनीं सांगितलें. दुसरे दिवशीं दुपारीं ते गेले. चाक वीस मिनिटांत बदललें असतें तर आम्ही केव्हां पोहोंचलों असतों, हें गणित मीं पुष्कळदां मांडून पाहिलें आहे. उत्तर दर वेळीं तेंच येतें.

यांत मी गाडीस दोष देत नाहीं, भाच्यासहि देत नाहीं. आग लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपण हंसतों. आमची विहीर आधींच खणलेली होती. पोहरा मात्र कोणीं सोडून पाहिला नव्हता. वस्तु असणें निराळें आणि वेळेस ती हातीं येणें निराळें.

म्हणून माझी विनंति अशी, कीं ज्यांच्या गाडीखालीं असें चाक असेल, त्यांनीं एखाद्या रविवारीं उजेडांत, सपाट अंगणांत तें एकदां उतरवावें. दांडा कोठें आहे व भोंक कोठें आहे, हें घरांतील बायकामुलांसहि दाखवावें. रहाट पुसून त्यास तेल द्यावें. कोंकणांत राहणाऱ्यांनीं तर अवश्य, कारण खाऱ्या हवेंत लोखंड लवकर गंजतें. चाक न वापरतांहि त्यांतील हवा महिन्यामहिन्यानें कमी होत असते, ती भरून घ्यावी. टायरच्या अंगावर चार आंकडे असतात, तेहि वाचावेत. २३१९ असे असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. न वापरलेलें रबरहि म्हातारें होतें. चाक परत चढवितांना दोर घट्ट होईपर्यंत दांडा फिरवावा, नाहींतर तें हिंदकळत राहतें.

आणि प्रत्यक्ष प्रसंग आलाच, तर गाडी उचलण्यापूर्वींच चाकाचे नट किंचित् सैल करावेत, दुसऱ्या चाकांस दगड लावावेत, जॅकखालीं फळी द्यावी आणि कितीहि घाई असली तरी गाडीखालीं अंग घालूं नये. मला एका रात्रींत दोन माणसें गमवावीं लागलीं असतीं. एक वांचलें, तें एका अनोळखी माणसाच्या रागामुळें.

दसऱ्यास गाडी धुवून तिला झेंडूची माळ घालण्याची आपली चाल आहे. माझा भाचा आतां त्या दिवशीं पूजेपूर्वीं पोटाखालचें चाक उतरवितो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, म्हणून चिखल काढण्यासहि तो दिवस योग्यच. तेल देऊन, हवा भरून झाली कीं तो मला हांक मारतो, आणि त्या चाकास पहिलें कुंकू मी लावतों.