पत्रकारितेची पदवी : खर्च किती व लाभ कोणता?

(पालक व विद्यार्थी यांच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात एक गृहस्थ माझ्या कचेरीत आले. हातात दीड एकर जमिनीचा सातबारा होता. त्यांची कन्या बारावी उत्तीर्ण झाली होती व पत्रकार व्हावयाचे असा तिचा निश्चय होता. पुण्यातील एका खाजगी संस्थेने तीन वर्षांच्या पदवीसाठी वर्षाला सव्वा लाख रुपये शुल्क सांगितले होते. गहाणखत तयार करून द्यावे, एवढेच त्यांचे माझ्याकडे काम होते. ते काम मी त्या दिवशी केले नाही. का केले नाही, ते आज आपणा सर्वांपुढे मांडतो. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता राहिलेला नाही.

पदवी घेण्यापूर्वी एक गोष्ट विचारावयास हवी : ह्या पदवीने मला कोणता अधिकार मिळतो? मी वकील आहे. कायद्याची पदवी व सनद नसती, तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे मला वकिलीचा व्यवसाय करता आला नसता. माझ्या पदवीमागे कायद्याची सक्ती उभी आहे. पत्रकाराच्या पदवीमागे ती नाही. लिहिण्याचा व छापण्याचा अधिकार संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातून येतो आणि तो प्रत्येक नागरिकाचा आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची व्याख्या केली, तीत ‘ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आहे’ असा निकष घातला. शिक्षणाचा उल्लेखही केला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली, दूरचित्रवाणी व डिजिटल माध्यमांतील पत्रकारही व्याख्येत आले. परंतु पदवीची अट तेथेही नाही. २०१३ साली प्रेस कौन्सिलच्या अध्यक्षांनी पत्रकारांस किमान पात्रता असावी म्हणून समिती नेमली होती. त्यातून कायदा काही निघाला नाही.

मग पदवी निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकाऱ्यांच्या पदांसाठी, तसेच भारतीय माहिती सेवेच्या वरिष्ठ श्रेणीसाठी पत्रकारितेची पदवी अथवा पदविका मागितली जाते. महाविद्यालयात हा विषय शिकवावयाचा असेल तर पदव्युत्तर पदवी व साधारणपणे ‘नेट’ अथवा ‘सेट’ परीक्षा आवश्यक आहे. ज्यांची दृष्टी ह्या जागांकडे आहे त्यांनी पदवी अवश्य घ्यावी. मात्र ह्या जागा थोड्या, जाहिराती विलंबाने निघणाऱ्या व उमेदवार पुष्कळ, हे विसरू नये.

पदवीचा दुसरा एक लाभ आहे, आणि माझ्या मते आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत ज्याचा काका अथवा मामा बसलेला आहे, त्याला आत जाण्यास पदवी लागत नाही. आपला तेथे कोण आहे? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविषयी तेथे लिहिले गेले, न लिहिलेही गेले. पण लिहिणारे आपण नव्हतो. चांगली संस्था विद्यार्थ्यास दोन महिने वृत्तपत्राच्या कचेरीत उमेदवारीला पाठवते, तेथील माणसांची ओळख करून देते, त्याची बातमी लाल शाईने तपासून परत देते. शुल्काचा मोबदला असेल तर तो ह्यात आहे. म्हणून माहितीपत्रकातील इमारतीचे व स्टुडिओचे छायाचित्र पाहू नका. गेल्या तीन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जण आज वृत्तपत्रांत व वाहिन्यांत काम करीत आहेत, त्यांतील दोघांचे दूरध्वनी क्रमांक मागा. जी संस्था ते देण्यास टाळाटाळ करील, तिचे उत्तर तुम्हांस मिळाले असे समजा.

आता हिशेब करू. सव्वा लाख गुणिले तीन म्हणजे पावणेचार लाख. पुण्यात खोली व खाणावळ मिळून महिन्यास आठ हजार धरले आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर तीन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. एकूण सहा लाख पंधरा हजार. ह्यात कॅमेरा, संगणक, प्रवास धरलेला नाही. ह्यांपैकी चार लाखांचे शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढले व सात वर्षांत फेडावयाचे ठरले, तर हप्ता महिन्याला सुमारे ६,७४४ रुपये पडतो आणि एकूण परतफेड साडेपाच लाखांवर जाते. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यावर वेगळे. पहिली नोकरी पंधरा हजारांची लागली, तर हप्ता देऊन शहरात राहावयाचे कसे? आणि कर्जपत्रावर वडिलांची सही सहकर्जदार म्हणून असते. मुलीला नोकरी लागली नाही तरी बँक वडिलांकडेच येते.

ह्याउलट दुसरा मार्ग पाहा. जिल्ह्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन बी. ए. करावे, आणि नंतर सरकारी संस्थेत अथवा विद्यापीठाच्या विभागात पत्रकारितेचे एक-दोन वर्षांचे शिक्षण घ्यावे. पुणे विद्यापीठाचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात वाढला. १९६५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आपल्या अमरावतीस आहे. अर्थसंकल्प वाचता येणारा, सातबारा समजणारा वार्ताहर संपादकास हवा असतो. बातमीचा मथळा कसा द्यावा हे सहा महिन्यांत शिकता येते. अर्थशास्त्र तेवढ्यात येत नाही.

काही तरुण मला म्हणतात, बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले तेव्हा त्यांच्याजवळ पत्रकारितेची पदवी कोठे होती? खरे आहे. पण त्याच वर्षी जुलैत ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले, हेही त्याच तरुणांनी सांगावे.

शिष्यवृत्तीविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण येथे आपल्या घरांचे नुकसान अज्ञानाने होते. दीक्षा घेतली म्हणजे मुलांच्या सवलती गेल्या, ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. तथापि शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहून मूळ जातीची नोंद सोडून दिली, तर जातीचा दाखला काढताना वाडवडिलांचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधत फिरावे लागते. ते कागद आजच जमवा. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तीत पुणे, मुंबई, नागपूर येथे अटी पुऱ्या करणाऱ्यास वर्षाला साठ हजारांपर्यंत साहाय्य मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास शिष्यवृत्ती नाही. संस्थेने स्वतःच्याच नावाने दिलेली, कोणत्याही विद्यापीठाची मान्यता नसलेली पदविका असेल तर शिष्यवृत्तीची आशा धरू नका.

माझा एक पक्षकार आठ वर्षे तालुक्याचा वार्ताहर होता. पदवीधर होता. पगार नव्हता, आणलेल्या जाहिरातींवर दलाली मिळे. तीही थकली तेव्हा तो माझ्याकडे आला. अर्धवेळ पत्रकारासही कायद्याचे संरक्षण आहे. पण तो त्या पत्राचा नोकर होता हे सिद्ध करावयाचे कशाने? पदवीचे प्रमाणपत्र त्याने चौकटीत बसवून जपले होते. मला हवे होते नेमणूकपत्र, आणि ते त्याला कोणी दिले नव्हते, त्यानेही मागितले नव्हते. आम्ही हरलो.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. आठ दिवसांनी ती स्वतः आली. तिने दोन संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलणे केले होते व वहीत उत्तरे उतरवून आणली होती. मी म्हणालो, बाई, पत्रकाराचे पहिले काम तू शुल्क न भरताच केलेस. तिने जिल्ह्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्रास नाव घातले आहे. शनिवारी ती माझ्याबरोबर न्यायालयात येते आणि एका खटल्याची बातमी लिहून दाखवते. अजून ती फार लांब लिहिते. वडिलांचा सातबारा कोराच आहे.

ज्यांच्याजवळ संस्थांची माहितीपत्रके असतील त्यांनी ती सभा संपल्यावर माझ्याकडे आणावीत. शुल्काच्या कोष्टकाखालची बारीक अक्षरे आपण बसून वाचू.