पदराआडची गाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी कारधा येथे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बोलण्याचा सरावही नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी घडले ते सांगावे, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह म्हणून उभी आहे.

माझ्या धाकट्या जावेच्या मानेला गाठ आली. दोन महिने तिने ती पदराआड झाकली. नणंदेचे लग्न ठरत होते. 'गंडमाळ' हा शब्द बाहेर गेला तर सोयरीक मोडेल, ही धास्ती! पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते आणि जखमेबरोबर उतरते, तसेच हे समजून आम्ही हळद-चुन्याचा लेप लावीत बसलो. गाठ उतरेना.

शेवटी वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला गेलो. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "जाऊबाई, मी काय गरोदर आहे?" तिचे तरी काय चुकले? ते यंत्र आपण पोटाशीच जोडले आहे. (गर्भाचे लिंग पाहण्यास मात्र १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता सांगते.)

तेथील डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सारे दाखविले. निरोगी ग्रंथी वालाच्या दाण्यासारखी लांबट, मध्ये पांढरी रेघ, आणि रक्त त्या मधल्या वाटेने आत जाते. बिघडली की बहुधा गोल होते, रेघ पुसते, रक्त कडेकडेने शिरते. नव्या यंत्रात इलॅस्टोग्राफीचीही सोय असते. १९९१ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत मांडली. आंबा पिकला का हे आपण हलकेच दाबून पाहतो ना, तसे गाठ कुठे मऊ, कुठे कठीण, हे यंत्र रंगांत दाखविते. कर्करोगाची गाठ बहुधा कठीण. पण क्षयाचीही कठीण असू शकते, म्हणून नुसत्या चित्रावर निकाल देत नाहीत. चित्र पाहत पाहत नेमक्या जागी सुई घालून नमुना घेतात.

सुईने रोग पसरतो, असे सासूबाईंचे म्हणणे. त्या दिवशी मी त्यांच्यापुढे पहिल्यांदाच बोलले.

क्षयच निघाला. छाती साफ होती, म्हणून घरात कोणास लागण्याची भीती नव्हती. सहा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यातून फुकट. चौथ्या महिन्यात बरे वाटू लागताच ती गोळ्या टाळू लागली, तेव्हा मीच पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राही. नणंदेचे लग्नही झाले. जाऊ आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच बोलले.

आपल्यापैकी कोणाची गाठ दोन आठवड्यांत उतरली नसेल, तिने सभेनंतर मला बाजूला घ्यावे. बुधवारी मी भंडाऱ्याला जाणारच आहे, सोबत होईल.