फौजेतून घरी, देवगडात

देवगड-जामसंड्याचा जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी संपवून परततो, तेव्हा बहुतेकदा त्याने चाळिशीही गाठलेली नसते. पेन्शन असते. पण हापूसची फवारणी, पेट्यांचा हिशेब, मुलांच्या शाळा, सारा कारभार एव्हाना बायकोने अंगावर घेतलेला असतो. तिथे याने पलटणीतल्यासारखे हुकूम सोडले, की घरात ठिणगी पडलीच म्हणून समजा!

अशा वेळी उपयोगी पडतो तो आधी सुटून आलेला फौजी. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड कसं काढायचं, हे तो सांगतोच. रात्रीची झोप उडाली असेल तर त्याच्याशी न लाजता बोलताही येतं. अमेरिकेने 1979 पासून ‘व्हेट सेंटर’ काढून माजी सैनिकांनाही समुपदेशक म्हणून बसवलं, ते याचसाठी.

पेन्शनची, योजनांची कागदपत्रं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होतात. वीरपत्नींनाही तिथे मदत मिळते. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. सैनिक आणि कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. फोन बायकोनेही करायला हरकत नाही.