परीक्षक बाहेरचा हवा



विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून मी कॉलेजच्या या कार्यक्रमासाठीची तुमची धावपळ पाहतो आहे. साउंडवाल्याशी घासाघीस, ऐनवेळी बदललेला कार्यक्रमांचा क्रम, नाटकासाठी कुठून तरी पैदा केलेला पलंग आणि शेवटी वर्गणीचा हिशेब. यातलं एकही काम सिलॅबसमध्ये नव्हतं, तरी सगळं पार पडलं. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. तिथे मात्र हीच मुलं सिलॅबसमधल्या प्रश्नावर अडतात. असं का होतं, त्यावर थोडं बोलतो.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. ज्या घरांत आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतली मुलं इंजिनीअर झाली. हे फार मोठं काम झालं. जागांची टंचाई संपली. उरली ती काम येणाऱ्या माणसांची. २००५ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने म्हटलं की भारतातल्या चार इंजिनीअरांपैकी साधारण एकच बहुराष्ट्रीय कंपनीत घेण्याजोगा असतो. २०१७ मध्ये ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीने आयटीशी संबंधित शाखांच्या छत्तीस हजारांवर विद्यार्थ्यांकडून प्रोग्रॅम लिहून घेतले. ज्यांचं लॉजिक बरोबर आलं, ते पाच टक्केही भरले नाहीत. त्या कंपनीचा धंदाच चाचण्या घेण्याचा, त्यामुळे आकडा थोडा हातचा राखून घ्या. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडून मला जे दिसतं, ते या आकड्याशी फारसं भांडत नाही.

मी एक प्रश्न नेहमी विचारतो. बायोडेटावर तिकीट बुकिंगचा प्रोजेक्ट असतोच. मी म्हणतो, "एकच सीट शिल्लक आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर तुझा प्रोग्रॅम काय करेल?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, तो मोड्यूल ग्रुपमधल्या दुसऱ्याने केला होता." मग दुसरा आत येतो. त्याच्या मते तो पहिल्याने केलेला असतो. (तुम्ही हसताय, म्हणजे दोघेही तुमच्या ओळखीचे दिसतात!)

हा मुलांचा आळस म्हणून सोडून देता येणार नाही. प्रोग्रॅमिंगचा पेपर आपण उत्तरपत्रिकेवर पेनाने लिहून घेतो. तिथे चूक झाली तर मार्क जातो, पण काही बंद पडत नाही. प्रॅक्टिकलची यादी ठरलेली, जर्नल एकाचं आणि अक्षरं साठ जणांची. फायनल इयरचा प्रोजेक्ट तर पैसे मोजून रिपोर्टसकट तयार मिळतो. चार वर्षांत एकदाही, आपण लिहिलेलं दुसरं माणूस वापरतंय आणि ते फसलं तर त्याचं नुकसान होणार आहे, अशी वेळच येत नाही.

कंपन्याही यातून सुटत नाहीत. आधी घाऊक भरती करायची आणि मग महिनोन्‌महिने पहिल्यापासून शिकवायचं, अशी सवय आम्हीच लावली. इन्फोसिसने तर त्यासाठी मैसूरला शहरासारखा कॅम्पस उभारला. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा पगार दहा वर्षांहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळतो आहे. कौशल्य नाही म्हणून ओरडायचं आणि कौशल्याला वेगळा भाव द्यायचा नाही, हेही बरोबर नाही. आता तर कोड लिहून देणारी यंत्रं आली. त्यांनी दिलेल्या कोडमधली चूक ज्याला दिसते, त्याला पहिल्याच दिवशी काम आहे. ज्याला ती दिसत नाही, त्याला सहा महिने शिकवत बसण्याचा धीर आता कंपन्यांकडे उरलेला नाही.

मग आशा कुठे आहे? एका मुलीची मुलाखत सांगतो. कॉलेज तालुक्याचं, इंग्रजी अडखळतं. तिने गावच्या दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्रॅम केला होता. दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, टाकले की दर निघतो, दहा दिवसांनी बिल तयार. मी माझा तोच प्रश्न टाकला. ती म्हणाली, "सर, सीटचं माहीत नाही, पण आमच्याकडे नोंद चालू असताना लाइट जाते. लिटर चढायचे, पैसे चढायचे नाहीत. एका काकांचं बिल कमी आलं आणि ते घरी भांडायला आले. मग मी असं केलं की चढेल तर सगळं चढेल, नाहीतर काहीच चढणार नाही." डेटाबेसच्या पुस्तकात ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात, ते तिला त्या काकांनी शिकवलं होतं. तिला मी त्याच संध्याकाळी होकार कळवला.

असे काका तुमच्याही आसपास आहेत. गावची पतसंस्था, मेडिकलचं दुकान, वाचनालय, तुमच्याच हॉस्टेलची मेस. त्यांच्यासाठी काहीतरी लहानसं करा, आणि बंद पडलं की शिव्या खायला तिथेच थांबा. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की टर्मवर्कचे काही मार्क अशा कामासाठी राखून ठेवा. आणि अध्यक्षमहाशय, आपल्या संस्थेच्या कार्यालयातलं एखादं रखडलेलं रजिस्टर या मुलांच्या हाती द्या. पहिले काही दिवस तुम्हाला त्रास होईल, तो सोसा.

प्रमुख पाहुण्याने नुसतं बोलून जाऊ नये, म्हणून एक जाहीर करतो. पुढच्या वर्षीपासून तुमच्या बक्षिसांच्या यादीत एक बक्षीस वाढवा. दहा हजार रुपये माझ्याकडून. अट एवढीच, की प्रोग्रॅम कॉलेजबाहेरच्या कुणीतरी सलग तीन महिने रोज वापरलेला असावा. परीक्षक मी नाही, तुमचे सरही नाहीत. ज्याने तो वापरला त्याला इथे मंचावर बोलवा, आणि त्याच्याच हातून बक्षीस द्या.