माझी अर्धशिशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. माझी लायकी म्हणाल तर एवढीच की गेली पस्तीस वर्षे माझे डोके दुखते आहे. "तेवढी पुरे," असे त्या म्हणाल्या. शिवाय त्यांनी आठवण दिली की मागे काही वर्षे मंडळाच्या निम्म्या कार्यक्रमांना मी ऐन वेळी 'येत नाही' असा निरोप धाडीत असे. त्या निरोपांचा हिशेब आज देते आहे असे समजा.

ज्यांना हे दुखणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. माझ्या डोळ्यांपुढे आधी काजवे चमकतात. वाचीत असले तर ओळीतला अर्धा शब्द नाहीसा होतो आणि त्या जागी एक नागमोडी, लखलखणारी कड हलत राहते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती जाते आणि डाव्या कानशिलावर घण पडू लागतात. मग फोडणीचा वास नको, उजेड नको, कुणाची चाहूल नको. हे कधी चार तासांत आटोपते, कधी तीन दिवस चालते. काजवे सगळ्यांनाच दिसतात असे नाही. बहुतेकींना दिसत नाहीत. पुरुषांपेक्षा बायकांत हा विकार सुमारे तिपटीने अधिक आहे, आणि पाळीच्या सुमारास शरीरातले इस्ट्रोजेन एकदम उतरते हे त्याचे एक कारण आहे. चरक-सुश्रुतांनाही तो माहीत होता. त्यांनी त्याला अर्धावभेदक म्हटले. तेव्हा 'हल्लीच्या बायकांची फॅशन' असे जे म्हणतात, त्यांनी जरा जुनी पुस्तके उघडावीत.

माझे दुखणे सुरू झाले ते सोळाव्या वर्षी, साताऱ्याला, माहेरी. आईने सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला. त्याने डोके राहिले नाही, पण कातडे भाजून निघाले. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी सांगितले, सात दिवस सूर्योदयापूर्वी दुधातून जिलबी खायची. आदल्या रात्री जिलबी आणून ठेवायची, पहाटे मला उठवायचे, आणि उरलेली धाकट्या भावाने संपवायची. त्या उपायाचा निश्चित गुण त्याच्याच अंगी दिसला! पण आता मला त्या काकूंचे हसू येत नाही. उपाशीपोटी राहिले की माझे डोके हमखास उठते, हे मला पुढे पंचवीस वर्षांनी कळले. सकाळी उपाशी शाळेला पळणाऱ्या मुलीच्या पोटात काहीतरी जावे, एवढे शहाणपण तरी त्या जिलबीत होते.

लग्न होऊन डोंबिवलीला आले. दोन खोल्या आणि घरात सात माणसे. अंधार करून पडायचे म्हटले तर कुठे पडणार? सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण कार्य निघाले की हिचे डोके दुखते, असे त्या चारचौघींत म्हणत. आणि मौज अशी की ते खरेच होते. कार्य म्हणजे जागरण, कार्य म्हणजे पंगत उठेपर्यंत उपाशी राहणे, उन्हातली धावपळ. नेमक्या याच गोष्टी अर्धशिशीला लागतात. मलाही ते तेव्हा ठाऊक नव्हते. आपणच कामचुकार आहोत की काय, असे मला मनातून वाटू लागले होते.

मग तपासण्या. चष्म्याचा नंबर झाला, दात झाले, सायनसचा फोटो झाला, शेवटी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. सगळे स्वच्छ. घरच्यांनी पेढे आणले. मी मात्र न्हाणीघरात जाऊन रडले. वाईट आजार नाही याचा आनंद होता, पण आता दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हते. अर्धशिशी कोणत्याही फोटोत दिसत नाही. रुग्णाच्या सांगण्यावरूनच ती ओळखावी लागते, हे मला त्या दिवशी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

तिथून मी वाटा धुंडाळू लागले. एका वैद्यांनी नाकात तेलाचे नस्य दिले, कपाळावर तेलाची शिरोधारा धरली. धारेखाली मला अशी गाढ झोप लागे की तेवढ्यासाठीच जावेसे वाटे. खर्च मात्र झेपेना. झोप कधी, जेवण कधी, पाळी कशी, हे त्यांनी तासभर विचारले. तोवर इतके कुणी विचारले नव्हते. दुसऱ्या एकाने नाव-गाव नसलेल्या भस्माच्या पुड्या दिल्या. त्या मी आठ दिवस घेतल्या आणि भावाने दटावल्यावर टाकल्या. ते योग्यच झाले. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली सत्तर आयुर्वेदी औषधे तपासली, त्यांतल्या चौदांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला होता. पुडीवर काय आहे ते लिहिलेले नसेल तर ती पोटात घालू नये, मग देणारा कितीही सात्त्विक दिसो. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या वर्षभर चघळल्या. अभ्यासांत त्यांचा साखरेपलीकडे गुण दिसलेला नाही आणि मलाही दिसला नाही. ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या, तेव्हा दुखण्याचे दिवस थोडे कमी झाले. त्याला अभ्यासांचाही आधार आहे. योगासनांचेही तसेच. दिल्लीच्या एम्समध्ये झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. औषधांच्या जोडीला तीन महिने योग करणाऱ्यांना नुसत्या औषधांपेक्षा अधिक उतार पडला. 'जोडीला' हा शब्द विसरू नका.

आता मुख्य गोष्ट, जी मी आजवर घरीही धड सांगितली नव्हती.

या सगळ्या काळात माझ्या पर्समध्ये एक पाकीट असे. त्या गोळीत पॅरासिटामॉल, कॅफीन आणि अर्गोटामीन होते. अर्गोटामीन म्हणजे काय? आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो ना, त्याच जातीची बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यातून हे द्रव्य १९१८ साली स्वित्झर्लंडात आर्थर श्टोल यांनी वेगळे काढले. औषध खरे आहे, थोतांड नव्हे. पण मी ते दुकानातून आपले आपण आणी. आधी महिन्याला चार गोळ्या, मग आठवड्याला चार. मग डोके दुखेल या भीतीने लोकल गाठण्याआधीच एक. पाकिटे मी गव्हाच्या डब्यामागे ठेवीत असे.

२०१६ साली मी एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" मी म्हटले, "असतील आठ-दहा." ते हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या खेपेला रिकामी पाकिटे घेऊन या. आणि एक वही घाला." महिन्याने मोजले तर बावीस दिवस भरले. यांच्यासमोर ती पाकिटे टेबलावर ओतताना माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

डॉक्टरांनी समजावले ते असे. अर्धशिशीच्या माणसाने अशी मिश्र गोळी महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, किंवा साधी वेदनाशामक पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिली, की ती गोळीच डोके दुखवू लागते. गोळी उतरली की दुखते, म्हणून पुन्हा गोळी. मी दुखण्यावर औषध घेत नव्हते. औषधातून दुखणे घेत होते.

गोळी बंद केली. पहिले दहा दिवस कसे गेले ते सांगत नाही. एवढेच सांगते की यांनी रजा काढली आणि पोळ्या लाटल्या. त्याच वेळी रोज घेण्याचे प्रोप्रॅनोलॉल सुरू झाले. ते रक्तदाबाचे औषध आहे. अर्धशिशीला त्याचा उपयोग १९६० नंतरच्या दशकात सहज, ध्यानीमनी नसताना लक्षात आला. दमा असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून माझे पाहून कुणी घेऊ नका. दुखणे उठलेच तर लगेच घ्यायला सुमाट्रिप्टान दिले. ते १९९१ पासून बाजारात आहे, पण हृदयविकार असलेल्यांना देत नाहीत आणि तेही मोजूनच घ्यायचे. २०१८ पासून महिन्याला एक टोचण्याची नवी इंजेक्शने आली आहेत, मला ती लागली नाहीत. डॉक्टरांनी कधीही 'बरे करतो' म्हटले नाही. "दिवस कमी करू," म्हणाले. बावीसाचे पाच झाले. पाच आहेत, भगिनींनो, शून्य नाहीत.

आणि वही. साधी शंभर पानी. तारीख, किती वेळ, काय खाल्ले, झोप, पाळी, गोळी. तीन महिन्यांत तिने जे सांगितले ते पंचवीस वर्षांत कुणी सांगितले नव्हते. पाळीच्या आधीचे दोन दिवस. रविवारी उशिरापर्यंत झोपणे. आणि संकष्टी! चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, चहासुद्धा नाही, की रात्री डोके उठलेच. मी संकष्टी सोडली. देवाला सांगून सोडली. घरी सांगायला त्याहून जास्त धीर लागला.

एक-दोन गोष्टी मात्र वहीत लिहीत बसू नये. डोके एकाएकी, क्षणात, कधी नव्हे इतके दुखले. तापाबरोबर मान ताठली. हातपाय लुळा पडला, बोबडी वळली. किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या तऱ्हेचे दुखू लागले, तर तडक इस्पितळात जावे. आणि काजवे दिसणाऱ्या मुलींनी कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो.

शेवटी माझी एक लाज सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी नववीत असताना शाळेतून आली, दप्तर टाकले आणि म्हणाली, "आई, दिवा बंद कर ना." दुसऱ्या दिवशी गणिताची परीक्षा होती. मी म्हटले, "अभ्यास नको म्हणून सोंगं आणू नकोस." हे दुखणे पुष्कळदा आईकडून लेकीकडे येते हे मला ठाऊक होते, मी सर्व वाचलेले होते. तरी माझ्या तोंडून तेच आले. सासूबाई पलीकडे भाजी निवडीत होत्या. त्या उठल्या, पडदा ओढला, तिच्या कपाळावर ओले फडके ठेवले आणि मला म्हणाल्या, "निजू दे तिला. तुझंच आहे ते."

संध्याकाळी मी तिच्यासाठी वही आणली. पहिल्या पानावर तिने तारीख घातली, वेळ लिहिली, आणि काय खाल्ले त्या रकान्यात लिहिले, 'डबा तसाच परत आणला.' सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचले. तेव्हापासून तिचा डबा त्याच भरतात, आणि तो रिकामा आला की नाही तेही त्याच पाहतात.