सहानुभूतीपेक्षा स्थान द्यावे

(येवला येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



येवल्याची ओळख पैठणीने आहे. पैठणीत दोन रंग जिथे भेटतात, तिथे विणकर त्यांचे धागे एकमेकांत गुंतवतो. ते नुसते शेजारी ठेवले, तर मध्ये फट राहते. दिव्यांग बांधवांच्या बाबतीत समाजाने नेमकी हीच फट ठेवली आहे. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आपण त्यांना व्यासपीठावर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो. उरलेले वर्ष ते कोठे असतात, याची चौकशी कोण करतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. म्हणजे हजारांच्या वस्तीत सरासरी सव्वीस. आपल्या मंदिरात, वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत ते तेवढ्या संख्येने दिसतात का? त्यांना घरात अडवून ठेवते ते पुष्कळदा त्यांचे व्यंग नसते, आपल्या दारातील पायऱ्या असतात.

संक्रांतीचेच पाहा. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे येवले गच्चीवर असते. ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याचे हात आसारी उत्तम फिरवू शकतात. पण तो खाली ओट्यावर बसून आकाशाकडे पाहतो. गल्लीतील तरुणांनी त्याला गच्चीवर न्यावे, किंवा सर्वांनी मिळून एक दिवस मोकळ्या मैदानात पतंग उडवावेत. मात्र आधी त्याला विचारावे. न विचारता केलेली मदत हेही उपेक्षेचेच एक रूप होय.

संधी मिळाली की काय घडते, हे मुरलीकांत पेटकर यांनी दाखविले आहे. सांगली जिल्ह्यातील हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. तो जलतरणाकडे वळला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती मात्र २०१८ मध्ये. पराक्रमाला ४६ वर्षे वाट पाहावी लागली, मग सामान्य दिव्यांगाची काय कथा!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. ती २०२२ मध्ये उलटली. महाराष्ट्रात ग्रामपंचायती व नगरपालिकांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. तो कोठे खर्च होतो, हे विचारणे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे. पण सारेच शासनावर सोपवून चालणार नाही. एक फूट उंचीच्या ओट्याला बारा फूट लांबीचा उतार लागतो. एवढे काम एका मंडळाच्या वर्गणीतही होऊ शकते.

आणि रोजगाराचे काय? खड्ड्याच्या मागावर पाय चालवावे लागतात, हे खरे. पण कांड्या भरणे, नक्षीचा आराखडा काढणे, हिशेब ठेवणे ही कामे बसून होतात. ज्याला ऐकू येत नाही, तो तर नजरेने पाहून प्रत्यक्ष विणकामही शिकू शकतो.

म्हणून विनंती एवढीच. आपल्या गल्लीतील प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला नावाने ओळखा, तिच्या घरी जा आणि पुढच्या उत्सवात तिच्यावर एक जबाबदारी सोपवा. वर्गणीचा हिशेब तिच्या हाती द्या, स्वागताला तिला उभे करा. सत्काराने माणूस सुखावतो. जबाबदारीने तो समाजाचा होतो.